तिसरी हाक

“…पण बुवा, माणूस जर तोच राहतो, आणि त्याची बुद्धी मात्र वयाबरोबर पालटत जाते, तर मग तो…”

ऋजुता थांबली. सवयीनंच थांबली.

इथे बुवा तोडायचे. दोन वर्षांत तिचा एकही प्रश्न त्यांनी पुरा होऊ दिला नव्हता. प्रश्नाचं शेपूट बाहेर यायच्या आत उत्तर हजर. घाटाखालच्या वाड्यांमध्ये लोक म्हणायचेच, बाळबुवांकडे जाताना अर्धाच प्रश्न न्यावा, उरलेला अर्धा उगाच ओझं.

आज बुवा गप्प होते.

मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर, डोळे तिच्याकडे. वाट बघत होते.

“पुढे?” ते म्हणाले.

एवढीशी गोष्ट. कुणाला सांगितली असती तर हसण्यावारी नेली असती. पण…

“पुढे… तुम्ही सांगता ना, बुवा.”

“मी कसा सांगणार? प्रश्न तुझा.”

तिनं पुढचं शोधलं. आणि तिच्या ध्यानात आलं की पुढे काही नव्हतंच. दोन वर्षं ती अर्धेच प्रश्न शिवून आणत होती, उरलेल्या अर्ध्याला कापडच घेतलं नव्हतं.

“मला माहीत नाही पुढे काय ते,” ती शेवटी म्हणाली.

“बरं झालं, विमल.”

पडवीच्या वाशावरून एक पाखरू फडफडत उडालं आणि ती दचकली. दचकायला पाखराचं निमित्त झालं, एवढंच.

“मी ऋजुता, बुवा.”

बुवांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “ती पण.”

*

मठ म्हणायचा एवढंच. घाटमाथ्यावर चिऱ्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, मागे स्वयंपाकाची पडळ. पलीकडे ओढा, ओढ्यावर दोन फळ्यांचा साकव, साकवापलीकडे उघडा कातळ आणि त्याच्याही पलीकडे उभा कडा. ऐंशी उलटलेल्या माणसाला अख्खा मुलूख बाळबुवा म्हणे. खरं नाव विचारायची सोय नव्हती. ते ठाऊक असलेली माणसं बुवांच्या आधीच निघून गेली होती.

ऋजुता मिरजेची. मानसशास्त्रात एम.ए. केलेलं, आणि स्वतःच्या मनापुढे हात टेकलेले. दाराची कडी वाजली तरी छातीत धस्स. आठ दिवसांसाठी म्हणून आली होती ती राहिलीच.

पडळीत भामाकाकी भाकऱ्या थापत होत्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि मठाला हसण्याचं कामही त्यांच्याकडेच.

“ऋजु…”

“ओ!”

“बघा! हाक पुरी होऊच्या आधी ओ!” काकींनी परातीवर हात झटकले. “चेडवा, तुझो जीव खय असता गो? हय आमच्याकडे पयल्या हाकेक कोणी ओ देवची नाय.”

“का?”

“रानात चकवो आसता. तो माणसाच्या आवाजात हाक मारता, पण दोनदाच. तिसरी मारता तो माणूस.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “आणि नुसती तीनदा ओरडान भागणा नाय. एक हाक मारूची, ती कड्याक लागान परतान येवक होयी, मगे दुसरी. चकव्याक तेवढो धीर नसता.”

ऋजुताला हसू आलं नाही.

“काकी, विमल कोण?”

“इमल?” काकी हसल्या. “पयली शिष्यीण बुवांची. माझ्या लग्नाच्याही आधीची गोष्ट. आता खय आसा देवाक म्हायत. कित्याक?”

“बुवांनी आज मला विमल म्हटलं.”

“हात्तीच्या! माका पण म्हणतत कधी कधी.”

“तुम्हालाही?” ऋजुताचा चेहरा पडला. म्हणजे आजचंच नव्हतं तर.

“भाकरी बरी झाली काय तेवाच म्हणतत,” काकी म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

*

तिला घाबरायला कारण होतं.

मागच्या रविवारी बुवांचा पुतण्या आला होता. दिगंबर. खाली कुडाळात त्याचं औषधांचं दुकान. येताना काकांसाठी लोकरीची टोपी घेऊन आला, ती स्वतःच्या हातानं त्यांच्या कानांवर ओढून बसवली, आणि जाताना ऋजुताला बाजूला घेतलं.

“ताई, तुम्ही शिकलेल्या. मनाचा अभ्यास केलेल्या. मला एवढंच सांगा, काका जाग्यावर आहेत ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे हे,” त्यानं कपाळाला बोट लावलं. “मला बघून म्हणाले, ‘कधी आलास रे, शंकर?’ शंकर माझे वडील.”

ऋजुतानं वळून पडवीतल्या बुवांकडे पाहिलं.

“माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. नावांपासून. एक दिवस दुधाची पिशवी आणायला म्हणून निघाले…” दिगंबर ओढ्याकडे बघत राहिला. “सापडले. पण उशिरा. ताई, मला मठ नको, जागा नको. मला माझा काका जिवंत हवा. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. तुम्ही म्हणालात की ठीक आहेत, तर मी गप परत जाईन. म्हणालात की नाहीत, तर काका माझ्या घरी, आणि इथे कुलूप. पण खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.”

खरं सांगा.

ऋजुताला ती कॉलेजातली दुपार आठवली. बाईंनी फळ्यावर वयाची आडवी रेघ मारली होती, आणि तिच्यावर मनाच्या वेगाची दुसरी. ती रेघ विशीत टेकाडावर चढली आणि मग उतरू लागली, हळूहळू, थेट फळ्याच्या टोकापर्यंत. आज ऋजुता त्या टेकाडावर उभी होती आणि बुवा त्या टोकाशी.

बाईंनी त्या दिवशी आणखीही एक रेघ काढली होती. तिला ती आत्ता आठवत नव्हती.

*

शनिवारी जेवणं झाल्यावर ती पडवीत बुवांसमोर बसली.

“बुवा, एक खेळ खेळू या?”

“खेळू.”

“मी पाच शब्द सांगते. थोड्या वेळानं विचारीन, तेव्हा म्हणून दाखवायचे.”

बुवांनी लोकरीची टोपी कानांवरून वर सारली.

“कोयता. चाफा. साकव. मीठ. घोंगडी.”

“झाले?”

“झाले. आता आपण दुसरं काहीतरी बोलू या.”

“बोल.”

दुसरं काही सुचेना, म्हणून तिनं फळ्यावरची रेघच सांगितली. टेकाड, उतार, सगळं. सांगता सांगता दुसरी रेघही आठवली. शब्दांची, अर्थांची, माणसं ओळखण्याची. ती हळू चढते, पण म्हातारपणातही बरीच वर्षं चढत राहते.

“म्हणजे एक उतरते, एक चढते,” बुवा म्हणाले.

“हो.”

“मग वाटेत भेटत असतील की दोघी.”

“भेटतात. कुठे ते माणसागणिक वेगळं, असं बाई म्हणाल्या.”

“तिथे बसायला कट्टा आहे का?”

ती नाइलाजानं हसली. बुवाही हसले. मग ओढ्याचा आवाज येत राहिला.

“बुवा, ते शब्द?”

“कुठले?”

“मघाशी सांगितलेले. पाच.”

बुवांनी डोळे मिटले. उघडले.

“मीठ,” ते म्हणाले. “आज आमटीत नव्हतं.”

“आणि?”

“आणि… नाही गं. गेले.” त्यांच्या आवाजात खंत नव्हती, लाजही नव्हती. झाडावरचे बगळे उडाले असं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. मग जरा पुढे वाकले. “तिसरा कुठला होता?”

“साकव.”

“हां. तिथे तुझा आवाज आधार शोधत होता. का गं?”



साकवाला एकाच बाजूला बांबूचा कठडा होता. दुसरी बाजू उघडी. खाली पाणी आणि धोंडे. दोन वर्षांत ती एकटी एकदाही पलीकडे गेली नव्हती. पहिल्या दिवशी तर भामाकाकींचा पदर धरून, बसत बसत गेली होती. हे बुवांना कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

“मला त्याची भीती वाटते.”

“मग खेळात कशाला घेतलंस त्याला?”

ती पडवीच्या जमिनीवर बोटानं रेघा ओढू लागली.

“परीक्षा कुणाची होती?” बुवांनी विचारलं.

“तुमची,” ती बोलून गेली, आणि जीभ चावली.

“मग घाम तुला का फुटला?”

त्यांनी टोपी परत कानांवर ओढली आणि उठून आत गेले. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. सहज. वाटेत खांब आला की त्यावर ठेवायचे, तसा.

ती तशीच बसून राहिली. पाचांपैकी एक. बाईंनी शिकवल्याप्रमाणे ह्याचा अर्थ एकच होत होता. आणि तो अर्थ तिला उद्या दिगंबरला सांगायचा होता. आवाजातली भीती ओळखली, ह्याला मार्क द्यायला बाईंच्या परीक्षेत रकानाच नव्हता.

*

रविवारी उजाडलं तेच धुकं घेऊन.

मार्गशीर्षातलं धुकं. कातळावरून सरपटत आलेलं, पडवीच्या खांबांपर्यंत पोचलेलं. हात लांब केला तर बोटं पुसट.

बुवांची खोली रिकामी होती. घोंगडी घडी घालून ठेवलेली. वर टोपी.

“काकी! बुवा कुठायत?”

“गेले असतीत खयसर. येतीत.” भामाकाकी चुलीत फुंकर घालत होत्या.

“रोज तर पडवीत असतात!”

“आज नाय हत.”

तेवढ्यात खालून गाडीचा आवाज आला. थांबला. धुक्यातून आधी दिगंबरचा खोकला आला, मागून दिगंबर.

“ताई, काका उठले?”

ऋजुतानं रिकाम्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

“कुठे गेले?” दिगंबरचा आवाज एकदम पातळ झाला. “ताई, कुठे गेले?”

“माहीत नाही.”

तो अंगणाच्या टोकाला धावला.

“काका! काका! काका! ओ काका! काकाऽ!”

हाका एकीवर एक आदळल्या. कड्यानं पहिली परत पाठवली तेव्हा तिसरी निघाली होती. सगळ्यांची मिळून एक गर्दी झाली आणि धुक्यात बुडाली.

कुणी ओ दिली नाही.

“झालं,” दिगंबर खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर. “झालं. माझे वडीलही असेच… मी आठवडाभर थांबायलाच नको होतं. तुम्हाला विचारलं, हीच चूक झाली.”

“पायवाट एकच आहे,” ऋजुता म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. “साकवाकडे जाते.”

दोघं निघाली. दवानं भिजलेल्या गवतात कुणाच्या तरी पावलांची रेघ होती. ती ओढ्यापर्यंत गेली होती. ऋजुता पुढे, दिगंबर मागे. चालता चालता ती हाका मारत होती. बुवा, बुवा, अहो बुवा. श्वासासकट निघत होत्या त्या हाका, तिलाही आवरत नव्हत्या.

“ताई, थांबा! फळ्या ओल्या आहेत. एका वेळी दोघांचं वजन नको,” मागून दिगंबर ओरडला.

ती थांबली. खाली पाहिलं.

ती साकवाच्या मधोमध उभी होती.

कधी चढली, कळलंच नव्हतं. एका बाजूला बांबू, हाताच्या अंतरावर. दुसऱ्या बाजूला काही नाही. खाली पाण्याचा आवाज, पण पाणी दिसत नव्हतं. पुढचा काठ दिसत नव्हता. मागचाही नाही. पाय फळीला चिकटून बसले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना.

“ताई?” काठावरून दिगंबरचा आवाज. “काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली.

“या परत. मी खालून माणसं बोलावतो. आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही. सापडले की आजच्या आज घेऊन जातो.”

“दिगंबरदादा, एकदा नीट हाक मारू द्या.”

“एवढ्या मारल्या की! कुठे ओ दिली?”

“मी मारते. इथल्या रीतीनं.”

त्याचा आवाज आला, थकलेला. “मारा. तुमच्या हाकेला त्यांनी ओ दिली, तर मी माझ्या तोंडानं पुन्हा न्यायचं नाव काढणार नाही. नाही दिली तर तुम्ही मला अडवायचं नाही.”

“नाही अडवणार.”

तिनं बांबूवर हात ठेवला. बांबू थंड होता, ओला होता. पळता येत नव्हतं, त्यामुळे उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इतकं स्थिर ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती.

“बुवाऽऽ.”

हाक गेली. दिसेनाशी झाली. आणि मग कितीतरी वेळानं कड्यावरून परत आली, जरा वयस्कर होऊन.

ओ नाही.

तिच्या गळ्याशी दुसरी हाक लगेच धडका मारू लागली. तिनं ती गिळली. पहिलीचा शेवटचा अंश पाण्यात विरेपर्यंत थांबली.

“बुवाऽऽ.”

ही गेली. हीही आली.

काहीच नाही.

“ताई…” दिगंबरला राहवेना. त्यानं स्वतःच हाक मारायला श्वास ओढला, तो तिला ऐकू आला. तिनं मागे न बघता हात वर केला. तळवा त्याच्याकडे. जरा दम धरा.

धुकं हललं. पुन्हा बसलं.

ती उभी राहिली. आणि त्या थांबण्यात तिला एक गोष्ट कळली, की आतापर्यंत ती जे ओरडत होती ते ‘मला भीती वाटते’ एवढंच होतं, त्याला बुवांचं नाव लावलेलं. भीती होतीच. अजूनही पायांत होती. पण पलीकडे कुठेतरी एक म्हातारा माणूस थंडीत, टोपी विसरून बसला होता, आणि तिला तो हवा होता. पाच शब्द येवोत, न येवोत.

“बुवाऽऽऽ.”

ह्या हाकेला घाई नव्हती.

ती कातळावरून गेली. कड्याला लागली. परत आली. पाण्यावरून गेली, दिगंबरवरून गेली, मठाकडे गेली. तिथे कुठेतरी थांबली.

मग सगळं शांत.

ऋजुता बांबूवर हात ठेवून वाट बघत राहिली. पडवीत मांडी घालून बुवा बसले होते, तशी.

आणि पलीकडच्या धुक्यातून, कुणी मांडी मोडून सावकाश उठावं तसा, आवाज आला.

“ओऽऽ… आत्ता पुरी झाली बघ हाक. ये, विमल.”